इवलीचा चंदनाचा साबण

एक होती उंदरी. तिचं नाव इवली. इवलीला होता एक मामा. मामाचं लग्न ठरलं होतं. आज मामाला हळद लागायची होती. पण मामाच्या गालांवर दाढी वाढली होती. खरखर खरखर. दाढी झाल्याशिवाय हळद कशी लागणार?

इवली म्हणाली, मामाला साबणाची भेट मी आणते. ती नथूकाका न्हाव्याकडे गेली. टुणुक टुणुक. नथूकाकांनी दाढीचे साबण पुढे ठेवले. इवलीने गुलाबाचा हुंगला. आऽक्छी. कडुनिंबाचा हुंगला. नाक मुरडलं. चंदनाचा हुंगला आणि डोळेच मिटले. हाच मामाचा. नथूकाकांनी बोराएवढी गोल वडी कापून दिली.

इवली साबण ढकलत निघाली. गडगड गडगड. वाटेत होता नळ. तिथे साबण निसटला. सुळकन! दगडाच्या फटीत जाऊन पडला. नळ ठिबकत होता. टप. टप. साबणाचा फेस व्हायला लागला. इवलीने फटीत हात घातला. हात पुरेना. नळ फिरवून पाहिला. नळ हलेना.

भिंतीवर होता कावळा. त्याची चोच लांब. इवली गेली. टुणुक टुणुक.

"कावळेदादा, कावळेदादा, माझा साबण काढा. साबण झिजतोय. मामा खोळंबलाय."

कावळा म्हणाला, "माझ्या पिल्लांना घरटं टोचतंय. बोकडाने मऊ केस दिले, तर काढीन."

टप. टप. साबण झाला शेंगदाण्याएवढा.

इवली गेली बोकडाकडे. टुणुक टुणुक.

"बोकडदादा, बोकडदादा, कावळ्याला केस द्या. कावळा माझा साबण काढील. साबण झिजतोय. मामा खोळंबलाय."

बोकडाने दाढी हलवली. म्हणाला, "माझं पोट रिकामं. शेवग्याने पाला दिला, तर देईन."

टप. टप. साबण झाला हरभऱ्याएवढा.

इवली गेली शेवग्याकडे. टुणुक टुणुक.

"शेवग्या, शेवग्या, बोकडाला पाला दे. बोकड कावळ्याला केस देईल. कावळा माझा साबण काढील. साबण झिजतोय. मामा खोळंबलाय."

शेवगा म्हणाला, "माझी मुळं सुकली. गजराकाकूंनी पाणी घातलं, तर देईन."

टप. टप. साबण झाला तुरीएवढा.

गजराकाकू नळापाशीच उभ्या होत्या. पायाशी कळशी. कडेवर बाळ. बाळ रडत होतं. टँहँ टँहँ. इवली धावली. टुणुक टुणुक.

"काकू, काकू, शेवग्याला पाणी घाला. शेवगा बोकडाला पाला देईल. बोकड कावळ्याला केस देईल. कावळा माझा साबण काढील. साबण झिजतोय. मामा खोळंबलाय."

काकू म्हणाल्या, "बाळ खाली उतरेना. कळशी कशी भरू? बाळ हसलं, तर घालीन."

टप. टप. साबण झाला मसुरीएवढा.

इवलीने बाळाकडे पाहिलं. तिला धाप लागली होती.

"बाळा, बाळा, हस ना रे. काकू शेवग्याला पाणी घालतील. शेवगा बोकडाला पाला देईल. बोकड कावळ्याला केस देईल. कावळा माझा साबण काढील. साबण झिजतोय. मामा खोळंबलाय."

बाळाला काय कळणार? टँहँ टँहँ. टप. टप.

आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नाही. इवलीने पुन्हा फटीत हात घातला. हाताला लागला नुसता फेस. इवलीला रडू आलं. तिने फेसाच्या हातांनी तोंड पुसलं. गालाला फेस लागला. हनुवटीला फेस लागला. पांढरी पांढरी दाढीच झाली.

बाळाने पाहिलं. एवढीशी उंदरी. एवढी मोठी दाढी.

बाळ गप्प झालं. आणि हसलं. खुदुखुदु खुदुखुदु.

बाळ हसलं, काकूंनी त्याला खाली ठेवलं. कळशी भरली. नळ घट्ट बंद केला. टपटप थांबलं. काकूंनी शेवग्याला पाणी घातलं. शेवग्याने बोकडाला पाला दिला. बोकडाने कावळ्याला केस दिले. कावळ्याने फटीत चोच घातली. इवलीने श्वास रोखला. चोच बाहेर आली. चोचीत होता साबण. मसुरीएवढा.

इवली साबण घेऊन पळाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक.

घरी सगळे वाट बघत होते. वाटीतली हळद सुकत आली होती. इवली म्हणाली, "मामा, मोठा होता रे. एवढासाच राहिला."

मामाने साबण पाण्यात भिजवला. गालावर चोळला. फस फस फेस आला. घरभर चंदनाचा वास सुटला. सर्र सर्र वस्तरा फिरला. एक गाल झाला. दुसरा गाल झाला. राहिली हनुवटी. इवलीने डोळे झाकून घेतले. पुरेल का? पुरेल का?

पुरला. हनुवटी झाली आणि साबण संपला.

मामाचे गाल झाले गुळगुळीत. आजी हळदीची वाटी घेऊन पुढे आली. मामाने तिला थांबवलं. वाटीत बोट बुडवलं आणि इवलीच्या नाकाला हळद लावली.

"आधी माझ्या करवलीला," मामा म्हणाला.

इवलीचं नाक झालं पिवळं पिवळं. मग मामाला हळद लागली. मग सगळ्यांना लागली. आणि ज्याने ही गोष्ट ऐकली, त्याच्या नाकालाही थोडीशी लागली.