महाराजांचा बिल्ला

"चार दिवसांत माझा बिल्ला घडवून आण, हैबती! नाहीतर दुकानाला कुलूप!"

सोनवडीचे राजे रणधवल एकदा बोलले की बोलले. हैबती तांबट घरी आला तोच घामाघूम होऊन. मुलगी गोजरा परातीला कल्हई करत बसली होती.

"काय झालं, आबा?"

"महाराजांनी हुकूम काढला नि सगळ्यांनी छातीवर आपापल्या धंद्याचे बिल्ले लावले. कोळ्यांचा मासा, कोष्ट्यांचा विणायचा धोटा, माळ्यांचा झेंडू. आता चार दिवसांनी दरबार. महाराजांनी मासा लावला तर कोष्टी रुसणार, धोटा लावला तर कोळी! म्हणून म्हणतात, असा बिल्ला कर की प्रत्येक जण म्हणेल, 'हा आमचाच!' वर दोन खुणा एकत्र नकोत, नि कोराही नको!"

"मग नाही म्हणायचं होतंत!"

"तू म्हणून बघ एकदा!"

तेवढ्यात शेजारची कोष्टीण आपली परात न्यायला आली. तिनं परात उचलली, त्यात डोकावली आणि कपाळावरचं कुंकू नीट केलं. गोजरा बघतच राहिली.

"आबा, तुम्ही निवांत जेवा. बिल्ला मी करते!"

तीन दिवस ती एक चकती घासत होती. आधी चिंच, मग राख, मग तेलाचा बोळा. बोटांची सालटी निघाली. बाप विचारी, "अगं, पण त्यावर काढलंस काय?" ती नुसती हसे. मनातून मात्र ती धास्तावलेली होती. डाव फसला तर दोन पिढ्यांचं दुकान जाणार होतं.

दरबार भरला. गोजरानं फडक्यात गुंडाळलेला तळहाताएवढा बिल्ला पुढे केला आणि सेवकानं तो महाराजांच्या छातीवर अडकवला. मुजरा करायला कोळ्यांचा नाईक पुढे झाला नि एकदम ओरडला, "मासा! महाराज आमचे!"

मागून कोष्ट्यांचा म्होरक्या शेट्या आला. "मासा कुठला? धोटा आहे धोटा!"

"डोळे फुटले काय तुमचे? झेंडू आहे!" माळी गरजला.

दरबारात एकच गलका! प्रधानजी तावातावानं उठले. "महाराज, ही लबाडी आहे! बिल्ला कोरा आहे. नुसता घासून चकचकीत केलाय!"

गोजरा पुढे सरकली. "कोरा? प्रधानजी, जरा जवळ येऊन सांगा, काय दिसतंय?"

प्रधानजी वाकले. "माझी... माझी पगडी."

"म्हणजे महाराज तुमचेही झाले!"

दरबार खदखदला. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी भुवया चढवल्या. "पोरी, एक सांग. माझ्यासमोर कुणीच उभं नसेल, तेव्हा या बिल्ल्यात काय दिसेल?"

मागं उभ्या हैबतीनं डोळे मिटून घेतले.

"काहीच नाही, महाराज," गोजरा म्हणाली.

"मग तेव्हा मी कुणाचा?"

"समोर कुणीच नसेल, तर महाराज तरी राजे कुणाचे?"

मग महाराज असे हसले, असे हसले की छातीवरचा बिल्ला थडथड उडू लागला! त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातात घातलं. "आणि प्रधानजी, लिहून घ्या! आजपासून राजवाड्यातली भांडी हिच्याच दुकानातून यायची. हिशेबाला हीच बसेल, तुम्ही नाही!"