अर्ध्या घरट्यांची बाभूळ

माळावरच्या एका विहिरीकडे झुकलेल्या बाभळीवर एक तरुण सुगरण राहायला आली. ती जन्मली याच झाडावर, पण दूरच्या पाणथळीत, म्हाताऱ्या बगळ्यांच्या शिकवणीत वाढली होती. परतताना तिला वाटले होते, आपल्या झाडावर घरटी झुंबरांसारखी डोलत असतील, आत पिले किलबिलत असतील. पाहते तो काय, बाभूळभर नुसती अर्धवट घरटी लोंबत होती. एकालाही तळ नाही. सगळी एकाच विणकराची.

मुलांनो, सुगरण पक्ष्यांत घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी ते पसंत करते, मग तो ते पुरे करतो. या विणकराची वीण सुरेख होती. पण वादळात त्याची घरटी पडली तेव्हा त्याला खारीकडून दाणे उसने घ्यावे लागले, आणि तेव्हापासून तो तिचा देणेकरी झाला होता. म्हणून घरटे पसंत पडले की तो आगाऊ दाणे मागे. सुगरणीने एक घरटे पसंत केले आणि दाणे दिले.

"उद्या तळ घालतो, ताई," तो म्हणाला. मग गवताची पात ओली निघाली, मग फारच वाळली, आणि दर वेळी त्याला आणखी चोचभर दाणे हवे झाले.

"त्यापेक्षा विहिरीत टाक," शेजारची साळुंकी म्हणाली. "निदान पडल्याचा आवाज तरी येईल."

"विश्वास टाकल्याशिवाय कुणी विश्वासू होत नाही, मावशी."

"बगळ्यांनी शिकवलं वाटतं? त्यांनी कधी कुणाला घरटं विणायला दिलंय?"

अंडी घालायचे दिवस अगदी तोंडावर आले, आणि एका संध्याकाळी विणकर शेजारच्या फांदीवर नवेच घरटे विणताना दिसला.

"हे कुणाचं?" सुगरणीने विचारले.

"नवी ताई आलीय एक," तो ओशाळून म्हणाला. "तुझे दाणे खारीने नेले. हिचे मिळाले की तुझा तळ घालतो."

"आणि हिचा तळ?"

तो पुन्हा नव्या घरट्याकडे वळला. सुगरणीने कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. तो लबाड असता तर एक टोच मारून ती मोकळी झाली असती!

सकाळी ती दाणे घेऊन घरट्याच्या काठावर बसली. विणकराने चोच पुढे केली.

"आधी पात," ती म्हणाली. "एक पात विणलीस की एक दाणा, इथेच, माझ्यासमोर. तळ पुरा होईपर्यंत नव्या ताईकडून काही घ्यायचं नाही."

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं, ताई?"

"तुझ्या विणीवर आहे. म्हणून तर आले. आण पात."

तात्पर्य : अडचणीतल्या कारागिराला हात द्यावा, पण दाणे त्याच्या शब्दावर टाकू नयेत, झालेल्या कामावर टाकावेत.