हरण हसेल!

हरणांचे कळप उभी ज्वारी फस्त करू लागले, तेव्हा गावाने राखणदारीण गोजराबाईला तीस रुपये देऊन शहरात बंदूक आणायला धाडलं. तेवढ्या पैशांत एकच जुनी, गंजलेली ठासणीची बंदूक मिळत होती.

दुकानात पाचशेची विलायती रायफल मिरवत गावचे इनामदार बसले होते. तीन वर्षांत त्यांना एकही हरण मारता आलं नव्हतं. तरी ते खदखदून हसत म्हणाले, “बाई, ही बंदूक बघून हरण हसेल!”

“हसू दे की, सरकार,” गोजराबाई म्हणाली. “तुमची बघून ते पळतं. माझी बघून हसायला थांबलं, तर नेम धरायला सोपंच!”

दुकानदार हसून हसून गल्ल्यावर आडवा झाला. बंदूक खांद्यावर टाकून बाई निघून गेली, तसे इनामदार हळूच त्याला म्हणाले, “असली आणखी एक आहे का रे?”