वरचे सत्तावीस

“मग जाळायचं कशाला, सर?”

विचारणारी रेहाना मुजावर, एम.एस्सी.ला पहिली आलेली. समोर खासनीस सर. मिरजेच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली ती संशोधन सुरू करणार होती. सरांनी एका आम्लाचे पांढरे स्फटिक तिच्यापुढे ठेवले होते. हे जाळलं तर उष्णता किती निघेल, एवढंच काढायचं होतं.

“रचना माहीत आहे. कोणते बंध तुटणार, कोणते जुळणार, तेही माहीत आहे. बेरीज-वजाबाकी केली की झालं.”

तिने फळ्यावर तिथल्या तिथे उत्तर काढलंही.

“छान,” सर म्हणाले. “आता जाळ.”

तिने स्फटिकांची वडी केली, जाड पोलादी भांड्यात बंद केली, ऑक्सिजन भरला, भांडं पाण्यात बुडवून ठिणगी दिली. पाणी तापलं. थर्मामीटर वाचून तिने उष्णता काढली...

फळ्यावरच्या उत्तरापेक्षा मोलमागे सत्तावीस किलोकॅलरी जास्त.

“तुमचं यंत्र चुकतंय, सर.”

सरांनी बेन्झोइक आम्लाची बाटली पुढे सरकवली. त्याची उष्णता पक्की ठाऊक असते. यंत्र तपासतात ते त्यानेच. तिने ते जाळलं. आकडा चोख आला.

मग पुन्हा ते स्फटिक. पुन्हा सत्तावीस.

“नमुना अशुद्ध असेल.”

“वितळवून बघ.”

शुद्ध स्फटिक ज्या तापमानाला वितळायला हवेत, नेमके त्यालाच ते वितळले.

रेहानाने फळ्याकडे बोट केलं. “बंध मी नीट मोजलेत, सर.”

“मोजलेस.”

“मग हे वरचे सत्तावीस आले कुठून?”

सर पाठ करून काचेची भांडी विसळू लागले.

तिने चिडून कपाटातला मॉडेलचा डबा काढला. रंगीत गोळ्या म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. आम्लाच्या रेणूत तीन कार्बनचं एक कडं होतं. तिने दोन गोळ्या जोडल्या. तिसरी बसेना, भोकं भलतीकडेच तोंड करून होती. तिने काड्या वाकवल्या, दातओठ खात कडं जुळवलं... आणि बोटं जरा सैल पडताच एक गोळी टणकन उडून भिंतीवर आदळली.

ती उचलायला रेहाना वाकली, आणि तशीच थांबली.

“सर... मी सगळे बंध सारखेच धरले. पण हे सारखे नाहीत. हे वाकवून, दाबून बसवलेत. तो जोर आतच अडकलाय... जळताना तोच बाहेर पडतोय!”

सर वळले.

“सत्तावीस खरे आहेत, सर! तो ताण आहे. डोळ्यांना न दिसणारा ताण मोजला मी!”

तिचा आवाज शेजारच्या वर्गापर्यंत गेला. हसता हसता तिने डस्टर उचललं आणि फळ्यावरच्या आपल्या पहिल्या उत्तराकडे धावली.

“थांबा, आधी हा चुकलेला आकडा पुसते.”

सरांनी तिच्या हातातून डस्टर काढून घेतलं.

“राहू दे. तो नसता, तर जास्त कशापेक्षा म्हणाली असतीस?”