बाराव्या पानावरची चांदणी

“मग माय पुन्हा गेली म्हणायची का?” भानुबुवांनी विचारलं.

कौस्तुभ मान खाली घालून उभा होता. कृष्णाकाठच्या त्या छोट्या मठात तो लहानपणापासून येत होता. मठ उभारणाऱ्या गंगूमायची शेवटच्या सहा वर्षांची प्रवचनं मठाच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर होती. दुसरीकडे कुठेही नव्हती. माय जाऊन दोन वर्षं झाली होती. बुवा तिचे शिष्य. रोज दिवेलागणीला ते तिचा आवाज ऐकत आणि मगच पानावर बसत.

कॉम्प्युटर मुंगीच्या पावलांनी चालतो म्हणून कौस्तुभने पुण्याहून नवीकोरी एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची चपळ पट्टी, आणली होती. सगळे भाग जिथं जोडतात तो मदरबोर्ड आपल्याला तोंडपाठ आहे, असं तो चारचौघांत सांगे. त्याच बोर्डावरच्या रिकाम्या खाचेत त्याने ती पट्टी बसवली. कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू झाला...

आणि मायची प्रवचनं असलेली जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली.

“तिचं वय झालं होतं, बुवा. केबल दोनदा बदलून पाहिली. गेली ती.”

“हात लावून पाहिलास?”

“पाहिला.”

“मग?”

“फिरतेय... हाताला लागतं.”

“आणि गेली म्हणतोस.”

बुवा संतापले असते तर बरं झालं असतं, असं कौस्तुभला वाटलं. ते नुसते बघत होते.

“बोर्डाला विचारलंस का?”

“बोर्डाला काय विचारायचं, बुवा?”

“त्याचं पुस्तक होतं. आठ वर्षांमागं कॉम्प्युटर जोडलास, त्या दिवशी तू ते कचऱ्यात टाकलंस.”

“ते नवशिक्यांसाठी असतं...”

बुवा उठले. छापलेला कागद पायदळी जाऊ द्यायचा नाही, हा मायचा दंडक. त्यांनी फडताळातून लाल बस्ता काढला आणि गाठ सोडली. दोन पोथ्यांच्या मधे मदरबोर्डाचं माहितीपुस्तक होतं, हळदीचं बोट लागलेलं.

कौस्तुभला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं.

“तुम्ही वाचलंत हे?”

“तीनदा.”

“समजलं?”

“नाही बाबा. पण बारावं पान काढ. तिथं एक चांदणी आहे. पूर्वी तारमास्तर होतो मी. चांदणी दिसली की खालची बारीक अक्षरं सोडायची नाहीत, ही खोड तेव्हाची.”

कौस्तुभने पान काढलं. चांदणीखालचं इंग्रजी वाचलं आणि मग बुवांसाठी मराठीतून सांगितलं.

“या खाचेत पट्टी बसवली, तर पाच नंबरचा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल लावायची जागा, बंद होतो...”

जुनी डिस्क पाच नंबरातच होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. कौस्तुभचे कान तापले.

त्याने कॉम्प्युटर बंद केला. पाचातली केबल काढून दोनात लावली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

डिस्क दिसली. सहाही वर्षं जागच्या जागी होती.

बुवांनी खूण केली. कौस्तुभने पहिलं प्रवचन लावलं. थोडी खरखर झाली, कुणीतरी खोकलं, मग मायचा आवाज आला. “या रे, या. दाटीवाटीनं बसा. जागा होते.”

बुवांनी डोळे मिटले. पाणी गालांवरून दाढीत उतरत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. कौस्तुभला मनापासून धन्य वाटलं. हे ऐकायला आपण आहोत, बुवा आहेत, आणखी काय हवं?

“आजच दुसरी प्रत करून ठेवतो,” तो म्हणाला आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. “तुमचे उपकार कसे मानू, बुवा?”

बुवांनी पाय मागे घेतले.

“माझे कसले?”

“मग मायचे?”

बुवांनी गुरगुरणाऱ्या जुन्या डिस्कवर अलगद तळहात ठेवला...

“नवा पाहुणा आला तेव्हा जी मुकाट जागा सोडून उठली, तिचे.”