बुवांची बादली

"म्हणजे मी आता पोराटोरांपुढं हात पसरू, बुवा?"

रंगराव भोईटे विचारत होता. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, चाळिशीला टेकलेला गडी. गावच्या शाळेत मास्तर व्हायचं, हे त्यानं सीमेवर बर्फात बसून ठरवलेलं. म्हणून बी.ए.ला बसला, आणि पहिल्याच परीक्षेत आपटला. पुन्हा नापास झाला की मास्तरकी संपली.

कॉलेजनं माजी सैनिकांसाठी एक खोली उघडली होती. वरच्या वर्गातली मुलं तिथं रोज अडलेलं शिकवायची. रंगराव त्या दारावरून ताठ मानेनं पुढं निघून जायचा. आज मात्र तो सरळ सिद्धाबुवांच्या मठात आला होता. म्हणे, कॉलेज सोडतो, आशीर्वाद द्या!

बुवांनी कपाळाला हात लावला.

"अरे, तुमच्यासाठीच आहे ना ती खोली?"

"दुबळ्यांसाठी असेल. मी फौजी आहे."

"बरं बाबा. बर्फात चालायचात कसे?"

"एका दोरात. सगळ्यांच्या कमरेला एकच दोर. एक घसरला की बाकीचे ओढून धरतात."

"तू घसरलास कधी?"

"एकदा. बर्फाच्या भेगेत गेलो. मागच्या पोरानं ओढलं. नवीन भरती होता, मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं."

"मग त्याला म्हणालास का, दोर सोड, मी फौजी आहे?"

"काहीतरीच काय, बुवा! तिथं जिवाचा प्रश्न होता."

"आणि इथं?"

"इथं काय... नुसता इतिहासाचा पेपर."

बुवांनी मोठा सुस्कारा सोडला. या माणसापुढं डोकं आपटून घ्यावं, असं त्यांना वाटलं असणार.

"चल, पाणी काढू. घसा सुकवलास माझा."

मठामागं विहीर होती. बुवांनी बादली उचलली, तिच्या कडीची गाठ सोडली, दोर बाजूला टाकला, आणि बादली दिली खाली सोडून. धप्प!

"अहो बुवा! दोर सोडलात की!"

बुवा काठावर निवांत बसले. "थांब जरा..."

दोघं खाली बघत राहिले. बादली कलंडली, पाणी प्यायली आणि दिसेनाशी झाली.

आता रंगराव भडकला. "बुडाली ना! दोराशिवाय बादली वर येते का कधी?"

"येईल रे. माझी बादली फौजी आहे."