घाईचा राजा आणि चाळीस आठवडे

एक होता राजा, आणि त्याला वाट बघणं म्हणून माहीत नव्हतं. भात शिजायच्या आत पानावर बसायचा. कळी उमलेना तर बोटांनी उमलवायला जायचा. तर काय झालं, या राजाच्या राणीला दिवस गेले.

मग राजवाड्यात ठकूबाई सुईण आली. वय सत्तरीचं, जिभेला धार कात्रीची. तिच्याजवळ होती वेळूची एक नळी. साधीसुधी नाही बरं का! पोटाला लावून डोळा टेकवला की आतलं सगळं दिसायचं.

सहाव्या आठवड्यात ठकूबाईनं बघितलं. बाळ होतं मसुरीच्या डाळीएवढं. धड हात नाहीत, धड पाय नाहीत, पण मधोमध काहीतरी लुकलुकत होतं.

"काळीज चालू झालं गं बाई," ती राणीला म्हणाली. राणी हसली, आणि लगेच तिला उलटी झाली.

तेवढ्यात आले गणूशास्त्री ज्योतिषी. म्हणाले, "महाराज, बाळ अक्षय्यतृतीयेला जन्मलं तर चक्रवर्ती होईल!"

ठकूबाईनं बोटं मोजली. "तेव्हा बत्तिसावाच आठवडा असेल. चाळीस लागतात."

"माझ्याकडे मुळी आहे. उगाळून दिली की बाळ येतं."

"येतं," ठकूबाई म्हणाली, "आणि जातंही."

राणीनं दोन्ही हातांनी पोट झाकलं. पण राजा कुठला ऐकतो! "आंबे नाही का आम्ही अढीत घालून पिकवत?"

"कोय न धरलेली कैरी घालून बघा की, महाराज. पिकत नाही, नासते."

"मग त्याला लवकर कोय धरायला सांग!"

घ्या! आता काय बोलायचं?

मग बाराव्या आठवड्यात राजानं नळीतून बघितलं. बाळ लिंबाएवढं झालं होतं. बोटं सुटी झाली होती. राजा म्हणाला, "झालं की सगळं!"

"नखं आत्ता कुठं फुटतायत. जा, दरबार बघा."

मग राजा चोविसाव्या आठवड्यात आला. बाळ मक्याच्या कणसाएवढं. मजेत कोलांट्या मारत होतं. राजा ओरडला, "ए, चल बाहेर!" बाळ दचकलं, आणि राणीला आतून अशी लाथ बसली!

"ऐकू येतंय त्याला," ठकूबाई कडाडली. "पोटातल्या लेकरावर खेकसता? शोभतं का राजाला?"

राजा वरमला. मग रोज जेवण झालं की तो यायचा आणि पोटाशी हळूच काहीबाही बोलून जायचा. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळाच्या पापण्या उघडल्या, तेव्हा त्यानं सगळ्या दरबाराला पेढे वाटले. पण अक्षय्यतृतीयेचं खूळ काही जाईना.

मग तो दिवस उजाडला. गणूशास्त्री वाटीत मुळी उगाळून घेऊन आले, मागोमाग राजा. ठकूबाई दारात आडवी.

"बाजूला हो, म्हातारे!" शास्त्री म्हणाले.

"नाही होत. आधी राजानं बघावं."

राजानं नळीला डोळा लावला. बाळ हडकुळं होतं, कातडी सुरकुतलेली. आणि त्याची छाती मधूनच टुणकन उडत होती.

"अगं, उचकी लागलीय याला! कोण आठवण काढतंय?"

"तुम्हीच की, दुसरं कोण!" ठकूबाईचा आवाज जरा मऊ झाला. "श्वास घ्यायची तालीम चाललीय त्याची. फुफ्फुसं कच्ची आहेत अजून. आज ओढून काढलंत तर बाहेरचा वारा पेलायचा नाही त्याला. बोला, चक्रवर्ती हवा, की बाळ हवं?"

राजा कितीतरी वेळ नळीला डोळा लावून बसला. मग उठला. त्यानं वाटी घेतली आणि मोरीत ओतली.

"मी थांबतो," राजा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा, बरं का!

मग आठ आठवडे बाळ नुसतं गुटगुटीत होत राहिलं. डोकं खाली करून नीट बसलं. चाळिसाव्या आठवड्यात, भर दुपारी, राणीला कळा सुरू झाल्या.

गणूशास्त्री म्हणाले, "आज मुहूर्त नाही!"

"ते बाळाला सांगा जाऊन," म्हणत ठकूबाईनं दार लावून घेतलं.

आणि मग असा टाहो ऐकू आला की गच्चीवरची कबुतरं उडाली! मुलगी झाली, छाती भरभरून श्वास घेणारी. राजा रडला, राणी हसली, ठकूबाई गरम पाण्यासाठी सगळ्यांवर ओरडली. पुढं तिघं सुखानं नांदली.

चला, मिटा डोळे. आईच्या पोटात आठवडेच्या आठवडे झोपूनच मोठे झालात ना सगळे? मग आताच काय धाड भरलीय? झोपा.